आषाढातील रिकामी कणगी आणि महिला बचतगट



डोंगराळ भागातील शेतकरी कुटुंबाचे वर्ष बारा महिन्यांचे असले, तरी त्याचे धान्य बहुधा आठ-नऊ महिन्यांचेच असते. खळ्यावरून घरी आलेले भात, नाचणी किंवा वरई होळीपर्यंत बरे पुरते. ज्येष्ठात कणगीचा तळ दिसू लागतो आणि आषाढ-श्रावणात, म्हणजे लावणी-बेणणीच्या ऐन कष्टाच्या दिवसांत, घरात दाणा उरत नाही. हळवे भात हाती येईपर्यंतचे हे दोन-तीन महिने कसे काढावयाचे, हा जव्हार-मोखाड्यापासून अक्कलकुव्यापर्यंत आणि मेळघाटापर्यंतच्या घरांपुढील जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाला सावकाराचे उत्तरही तितकेच जुने आहे. सवाईने किंवा दिढीने धान्य द्यावयाचे, आणि सुगीत ते खळ्यावरूनच उचलावयाचे! दिढीचा हिशेब साधा आहे. आषाढात एक क्विंटल भात नेले की मार्गशीर्षात दीड क्विंटल परत करावयाचे. पाच महिन्यांत शेकडा पन्नास व्याज झाले. ही परतफेड केल्यामुळे पुढील वर्षीची कणगी आणखी एक महिना आधी रिती होते, आणि पुन्हा त्याच दाराशी जावे लागते. कर्ज धान्याचे असते, परंतु त्यात जाते ते पुढील वर्षाचे अन्न.

राज्य शासनाने १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला आणि १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची योजना चालविली. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, कर्जाऐवजी प्रत्येक पात्र कुटुंबास ४,००० रुपयांची मदत, निम्मी वस्तुरूपाने व निम्मी रोखीने, अनुदान म्हणून देण्याचा निर्णय झाला. या योजनांचे मोल मोठे आहे. तथापि खावटी आषाढात हाती पडली तरच ती खावटी. दिवाळीत पडली तर तो केवळ एक हप्ता!

वेळेवर मिळणारे साहाय्य गावातच उभे करता येईल काय, या प्रश्नाशी बचतगटांचा संबंध येतो. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला, आणि राज्यात २०११ पासून ‘उमेद’ अभियान सुरू झाले. दहा ते वीस स्त्रिया, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही गटाची पंचसूत्री आता गावोगाव पाठ झाली आहे.

गटाच्या वहीतील पहिल्या वर्षाची पाने चाळली, तर शेळी किंवा शिलाईयंत्र यांच्या आधी ज्वारी, तांदूळ, औषधपाणी आणि मुलांच्या वह्या यांसाठी घेतलेली लहान लहान कर्जे दिसतात. बँकेच्या भाषेत हे उपभोग कर्ज होय, आणि त्याकडे काहीशा नाराजीने पाहण्याची रीत आहे. ही नाराजी अनाठायी आहे. लावणीच्या दिवसांत ज्या घरात दोन वेळा भाकरी होते, त्या घराला स्वतःच्या शेतातील लावणी सोडून दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस जावे लागत नाही. ही पायली-दोन पायली उत्पादक नाही, असे कोणी म्हणावे?

याच विचारातून काही ठिकाणी गटांनी पैशाबरोबर धान्याचीही बचत सुरू केली. केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्यकोषांची योजना आखली, तेव्हा कुटुंबामागे एक क्विंटल धान्य गृहीत धरले होते. परंतु शासनाचे धान्य येण्याची वाट न पाहताही आरंभ करता येतो. वीस स्त्रियांनी रोजचा स्वयंपाक करण्यापूर्वी पन्नास ग्रॅम, म्हणजे एक मूठ, बाजूस काढली, तर दिवसाला एक किलो व महिन्याला तीस किलो धान्य जमते. कार्तिक ते ज्येष्ठ या आठ महिन्यांत दोन क्विंटल चाळीस किलो! त्यातून आषाढात गरजू घरांना दिले जाते आणि सुगीनंतर क्विंटलमागे ठरलेले थोडे वाढीव धान्य घालून परत घेतले जाते. ती वाढ सावकाराच्या घरी न जाता त्याच कोठीत पडते.

हे सांगण्यास सोपे असले, तरी धान्य सांभाळणे पैसा सांभाळण्याहून कठीण आहे. रुपयाला सोंडे लागत नाहीत. धान्य कडकडीत वाळवून, निंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवावे लागते. माप एकच असावे लागते, कारण देताना एक पायली व घेताना दुसरी, एवढ्यावरून गट मोडतात. बियाणे वेगळे ठेवावे लागते. शिवाय लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला तर परतफेड थांबते आणि कोठी रिकामी होते. अशा वेळी बाहेरची मदत अपरिहार्य ठरते.

ती मदत हक्काची आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य ठरवून दिले. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असेही याच कायद्यात आहे. कोणाचे नाव गळले, कोणाच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, याची चौकशी एकट्या बाईने केली तर तिला हेलपाटे पडतात; गटाने केली तर दखल घेतली जाते.

पोट भरणे आणि पोषण होणे यांत मात्र अंतर आहे. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तांदूळ-गव्हाने हे अंतर भरत नाही. सांडपाण्यावर वाढणारा शेवगा, माठ, दुधी आणि वाल यांची परसबाग येथे उपयोगी पडते, आणि अनेक गटांनी ती केलीही आहे. पण परसातील भाजी ताटात पडताना घरातील पुरुष, मग मुले, आणि उरल्यास बाई, हा क्रम अजून बहुतेक घरांत तसाच आहे. ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या अर्जात भरता येत नाही. ज्या गटांच्या बैठकीत कोणी काय खाल्ले, हे मोकळेपणी विचारले जाते, तेथे ती निदान बोलली तरी जाऊ लागली आहे.