खिळे कोणाच्या हाती?
(कन्हान येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



स्मरणिकेच्या निमित्ताने छापील अक्षराविषयी बोलावे, ही मंडळाची आज्ञा मी शिरोधार्य मानतो.

छापखान्यातील खिळ्यावर अक्षर उलटे असते. शाई लागून कागदावर दाब पडला म्हणजे ते सुलटे उमटते. ज्या समाजाला इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या उलटेच वाचले, त्याने खिळे स्वतः जुळविले पाहिजेत, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी लवकर ओळखले. 1827 साली त्यांनी न्यूयॉर्क येथे ‘फ्रीडम्स जर्नल’ हे स्वतःचे पत्र काढले. 1968 साली मेम्फिस शहरातील सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या हातांतील फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढीच ठळक अक्षरे होती. त्याच देशातील एमॉस केनेडी या मुद्रकाने संगणकाची नोकरी सोडून खिळ्यांचे मुद्रण पत्करले. एकावर एक शाईचे थर देऊन तो वर्णभेदाला जाब विचारणारी भित्तिपत्रके छापतो आणि सामान्यांना परवडेल अशा किमतीस विकतो.

हे नाते आपल्याकडे नवे नाही. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. तेथे भेद कातडीवरून ओळखला जाई, येथे तो आडनाव विचारून शोधला जाई; परंतु अपमानाची जात एकच.

आपल्या नागपूर प्रांतीही हे कार्य झाले आहे. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घालून 1910 मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ व 1913 मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ ही पत्रे चालविली. नदीपलीकडील कामठीचे बाबू हरदास यांनी ऐन तारुण्यात साप्ताहिक काढले. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ अवतरला. ज्यांच्या समाजात साक्षर विरळा, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन शाई-कागद आणला, तो कशासाठी? आपली हकीकत आपल्याच तोंडून सांगता यावी, यासाठी.

बंधूंनो, आज अक्षर बोटाच्या एका स्पर्शाने उमटते. म्हणून त्याचे मोल कमी झाले असे मानू नका. घरच्या पेटीत जुनी हस्तपत्रके, सभांच्या जाहिराती, पिवळी पडलेली अंकांची पाने असतील, ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्यास देऊ नका. मंडळाकडे आणून द्या. कागद गेला की साक्ष गेली. आणि साक्ष नसली म्हणजे आपला इतिहास पुन्हा दुसराच कोणी जुळवील, आणि तो उलटाच छापला जाईल.