उपग्रहाला आपली वाडी दिसते का?

आज एकच प्रश्न घेऊया, जो आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो. इस्रोचे एवढे उपग्रह वर फिरतायत, मग तळियेची दरड आधी का नाही कळली? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, अवकाश शास्त्रज्ञ नव्हे. पण गाव पोलादपूर तालुक्यात असल्यामुळे हा प्रश्न घरचाच आहे.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथूनच निघते आणि पोलादपूर, महाड करत समुद्राला मिळते. महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, ८० हून जास्त माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, त्यामुळे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी पडल्या. आणि जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं.

आता वर काय काय आहे ते बघू.

पहिला, हवामानाचा उपग्रह. इन्सॅट-३डीआर, आणि २०२४ पासून ३डीएस. हे सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच वेगाने फिरतात, म्हणून सतत आपल्यावर नजर ठेवू शकतात. पण ढगांचं तापमान मोजणाऱ्या त्यांच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटर. एका ठिपक्यात तीन-चार वाड्या, एक डोंगर आणि नदीचं वळण मावतं. ढग किती मोठा आहे ते कळतं. कुठला उतार सुटणार ते नाही कळत.

दुसरा, कॅमेऱ्याचा उपग्रह. २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ ला पाव मीटरपर्यंतचं बारीक दिसतं. पण तो कॅमेरा आहे, त्याला उजेड लागतो आणि मधे ढग चालत नाहीत. जुलैत आमच्याकडे सूर्यच दिसत नाही, तर त्याला आम्ही कसे दिसणार?

तिसरा, रडारचा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेला निसार, इस्रो आणि नासाचा मिळून. रडारची लहर ढगातून जाते, रात्रीही चालते. निसारची एक लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची आहे, ती झाडीच्या पानांतूनही बरीच खाली पोचते. एकाच जागेची दोन वेळची मोजणी ताडून बघितली की जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळतं. हळूहळू सरकणाऱ्या डोंगरांसाठी हे फार मोलाचं आहे.

पण तो त्याच कक्षेतून १२ दिवसांनी परत येतो. आमच्याकडची दरड बऱ्याचदा एका रात्रीच्या पावसाने भिजलेली माती असते. खाली कातळ, वर मातीचा थर, त्यात पाणी भरलं की सगळं एकदम घसरतं. आदल्या आठवड्यात तो उतार जागचा हललेलाही नसेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. धोक्याचे उतार कुठले, याची यादी उपग्रहाने करावी, ती सुटलेल्या उन्हाळ्यात गावापर्यंत यावी. पण "आज रात्री घर सोडा" हे वरून ठरणार नाही. अलर्ट जिल्ह्याचा येतो. तोच उरणला आणि तोच पोलादपूरला.

मग आपल्या हातात काय? वाडीत एक पर्जन्यमापक. नसेल तर सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने तासातासाला मोजा. वरच्या वाडीचा आकडा खालच्या वाडीला कळवा. जमिनीला नवी भेग, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, घट्ट बसायला लागलेली दारं, यातलं काही दिसलं तर माणसं आणि गुरं हलवायची. आणि कुठे जायचं, म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, हे मे महिन्यातच ठरवायचं. पावसात लाईट जाते, रेंज जाते, तेव्हा ठरवायला वेळ नसतो.

तुमच्या वाडीत पाऊस कोण मोजतं? कळवा. भेटू पुढच्या भागात.