घोड्याचे ऋण



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही दुसरे फारसे काही बोललेलोच नाही. आज मात्र आम्ही घोड्याविषयी बोलणार आहोत. चिटणीसांना हा विषय कळवला तेव्हा, आपण टांगेवाल्यांची युनियन काढता की काय, असे त्यांनी हसत विचारले. टांगे गेले, युनियनही गेली. पण घोडा आपल्यातून गेलेला नाही. तो कोठे आहे, हेच आज सांगायचे आहे.

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. सह्याद्रीत उगम पावलेली घोड नदी शिरूरच्या अंगावरून जाते, कुकडीला बरोबर घेते आणि पुढे भीमेला मिळते. तीच भीमा दौंडच्या कडेने वाहते. म्हणजे शिरूर आणि दौंड ही दोन गावे ज्या पाण्याने जोडली आहेत, त्या पाण्याच्या नावातच घोडा आहे. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, आणि त्या मुलखाने एका जनावराला आपले नाव दिले. भीमथडीचे तट्टू! अंगाने लहान, खुराने कठीण, पोटाला थोडे आणि चालीला चिवट. मराठ्यांची घोडदळे नर्मदेपार गेली, ती अशाच तट्टांच्या पाठीवरून.

पुढे राज्य बदलले, पण घोड्याचे काम बदलले नाही. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण येथूनच निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास स्वार आणि दोन तोफा, असा तो सरंजाम होता. दुसऱ्या दिवशी कोरेगावला काय झाले, हे या सभेत सांगायला नको. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत. घोड्यांची नावे कोठून असणार? ज्याला हाक मारायची, त्यालाच माणूस नाव देतो, आणि काम संपले की तेही विसरतो. हा अनुभव केवळ घोड्यांचाच आहे असे नव्हे.

1858 साली पुण्याला आगगाडी आली, 1878 साली दौंडहून मनमाडचा मार्ग सुरू झाला आणि लांबच्या प्रवासातून घोडा मागे पडला. स्टेशनपासून घरापर्यंतची वाट तेवढी त्याच्याकडे राहिली. आमच्या लहानपणी ती त्याच्याकडेच होती. नालबंद टाच उचलून मांडीवर घ्यायचा, खूर तासायचा आणि नाल ठोकायचा. ते पाहत आम्ही शाळा बुडवत असू. तापलेल्या लोखंडाला त्या एकाच खुराचा आकार देणारे ते हात म्हणजे आमच्या मते कलावंताचे हात होते. निर्मिती म्हणजे काय, याचा पहिला धडा आम्हांला तेथे मिळाला. दुसऱ्याच्या पायाला बोचू नये अशी वस्तू घडवणे, ही निर्मिती.

रिक्षा आल्या, टांगे गेले. पण भीमथडीचे तट्टू संपले नाही. ज्याला आगगाडी आणि मोटार या दोहोंचाही उपयोग नव्हता, त्याने ते सांभाळले. तो म्हणजे मेंढरांमागे फिरणारा धनगर. आजही त्यांचे वाडे हलताना पाहा. तट्टाच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, कोंबड्या आणि सर्वांत वर एखादे मूल, असे अख्खे बिऱ्हाड चाललेले असते. अलीकडे सरकारी दप्तरात भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली गेली. धनगराला हे कोणी कळवले की नाही, देव जाणे. जात मात्र त्याने राखली.

आता आम्ही मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगणे आम्हांला सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, ऊसतोड मजुरांच्या एका टोळीत आम्ही मुक्कामाला होतो. दराची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. मंडळी कोपीत जमिनीवर पथारी टाकून निजली. पहाटे एका बाईच्या पोटात दुखू लागले. रात्रीचे शिळे बाधले असेल, असे सर्वांना वाटले आणि आम्हांलाही वाटले. आम्हीच तिला ओवा चावायला दिला. थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड झाल्या. झोप झाली नाही बिचारीची, असे आम्ही म्हणालो. घोट गिळेना, जीभ अडखळू लागली, तेव्हा कोणी म्हणाले, देवऋषीकडे न्या. तेथे दोन तास गेले. दवाखान्याच्या दारात गाडी पोहोचली तेव्हा श्वास थांबलेला होता.

तो मण्यार होता. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो. त्याची जखम बहुधा दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या खाली येतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ही सारी लक्षणे आमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक येऊन गेली आणि आम्हांला एकही वाचता आले नाही. आम्ही शाळा फार शिकलेले नाही, पण वाचनाचा आम्हांला अभिमान होता. नफा कोठून येतो, हे आम्ही पुस्तकांतून शिकलो होतो आणि मजुरांना शिकवीतही होतो. ज्या जमिनीवर ते मजूर निजत होते तेथे काय फिरते, हे मात्र आम्ही शिकलो नव्हतो. देवऋषीला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्याआधीचा एक तास आमच्या ओव्याने खाल्ला होता.

त्यानंतर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचले, आणि वाचता वाचता आम्हांला घोडा पुन्हा भेटला.

1890 साली जर्मनीत बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किताझातो यांनी दाखवून दिले की, ज्या जनावराने विष पचवले त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो दुसऱ्याला देता येतो. घटसर्पावरची लस घोड्याच्या रक्तातून निघू लागली. पाठोपाठ फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत यांनी सापाच्या विषावर तोच मार्ग चालवला. आजही रीत तीच आहे. घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा टोचतात आणि ती हळूहळू वाढवतात. त्याच्या अंगात प्रतिद्रव्ये तयार होतात. मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात, तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला देतात, आणि तो द्रव शुद्ध करून, सुकवून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती एकच कुपी चालते.

हे काम परदेशात कोठे चालते असे समजू नका. मुंबईच्या परळची 1899 साली सुरू झालेली हाफकिन संस्था या कामात जुनी. तिचे घोडे आपल्या जिल्ह्यात पिंपरीला असतात. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पागेतले निवृत्त घोडे हाफकिनला दिले जात, आणि त्यातूनच 1966 साली हडपसरला सीरम संस्था उभी राहिली. शर्यतीतून उतरलेला घोडा माणसाचा प्राण वाचवण्याच्या कामाला लागतो! आणि विष कोठून येते? ते बरेचसे येते चेन्नईजवळच्या इरुळ जमातीच्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेतून. ही संस्था 1978 साली स्थापन झाली. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर पोट मारलेल्या माणसांनी आपल्या विद्येची सोसायटी काढली. 2023 साली त्यांच्यापैकी दोघांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ऊसतोड करणाऱ्या बाईच्या शिरेत जी सुई जाते, तिच्यामागे एक आदिवासी गारुडी, एक घोडा आणि प्रयोगशाळेतला एक कामगार उभा असतो. कष्टकऱ्यांची एकजूट आम्ही आयुष्यभर सभांतून सांगत आलो. ती एका कुपीत भरलेली आम्हांला प्रथमच दिसली.

पण कुपी आपोआप पोहोचत नाही. एका पावसाळ्यात एका वाड्यावरच्या मेंढपाळाला घोणस चावली. चिखलामुळे गाडी येईना. म्हाताऱ्याने तट्टाच्या पाठीवरची भांडी खाली उतरवली, तरण्या पोराला त्यावर बसवले, दोघांनी दोन बाजूंनी धरले आणि त्याला सडकेपर्यंत आणले. पुढे रुग्णवाहिका मिळाली, लस मिळाली आणि पोरगा वाचला. ती लस घोड्याच्या रक्ताची असते, हे आम्ही म्हाताऱ्याला नंतर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि घोडीपुढे चिमूटभर गूळ ठेवून आला. आमच्या सगळ्या वाचनापेक्षा त्याला ही गोष्ट लवकर कळली.

भावनेवर थांबून चालत नाही, म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेत सेंट लुई शहरात जिम नावाचा घोडा होता. तो आधी दुधाची गाडी ओढत असे, मग त्याच्या रक्तातून घटसर्पाची लस काढू लागले. 1901 साली त्याला धनुर्वात झाला, आणि दूषित लस न तपासता वाटली गेल्याने 13 मुले दगावली. दोष घोड्याचा नव्हता. पुढच्याच वर्षी तेथे अशा औषधांच्या तपासणीचा कायदा झाला. जनावर आपले काम चोख करते. चूक होते ती आपल्या देखरेखीत.

आपली देखरेख कशी आहे? एका अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या 20 वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सुमारे 58,000. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. लस शोधून शंभरावर वर्षे उलटली, तरी ही संख्या. 2030 पर्यंत ती निम्मी करण्याचा सरकारचा संकल्प आहे. तो पुरा व्हायचा तर मुंबई-दिल्लीइतकेच शिरूर-दौंडलाही काम करावे लागेल.

आता आमच्या टोळ्यांच्या मागणीपत्रात दराखाली चार ओळी जास्त असतात. प्रत्येक कोपीत बाज, मच्छरदाणी आणि विजेरी. प्रत्येक टोळीत लक्षणे ओळखणारा एक माणूस. रात्री निघू शकेल असे एक वाहन. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे की नाही, याची हंगामाआधी चौकशी. साप चावला तर घट्ट आवळून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. हातपाय हलू न देता माणसाला धीर द्यावा आणि थेट दवाखाना गाठावा. 108 क्रमांक पोरासोरांना पाठ असावा. पहाटे पोटात दुखले आणि पापण्या पडू लागल्या, तर ओवा देऊ नये. हे शेवटचे आम्ही प्रत्येक टोळीत स्वतः सांगतो, आणि कोणी दिला होता तेही सांगतो.

शहरातल्या मंडळींना आमची एवढीच विनंती. ज्या उसाची साखर आपल्या चहात पडते, तो तोडणारा माणूस जमिनीवर निजतो. आपल्या मोटारी दारात उभ्या असतात. हंगामात एखादी रात्री उपयोगी पडू द्या. आणि ज्या घोड्यांच्या रक्तावर आपण जगतो, त्यांना पोटभर चारा, रक्त काढण्याला मर्यादा आणि म्हातारपणी विसावा मिळतो की नाही, हे विचारीत राहा. हे आम्ही दयेपोटी म्हणत नाही. काम करणाऱ्याचे जे मागणे कामगार चळवळ माणसासाठी मागते, तेच घोड्यासाठी मागायला आमची जीभ अडखळत नाही.

घोड्याने आपल्याला लढाईला नेले, स्टेशनवरून घरी आणले आणि आता तो मरणाच्या दारातून परत आणतो. त्याचा प्रवास पुरा झाला आहे. दवाखान्यापर्यंतचा उरलेला रस्ता आपला आहे.