शिकवलेला माणूस आणि सहीचा हक्क



गिरणी कामगारांच्या संघटनेतला माणूस ख्रिस्ती मिशनांवर बोलायला उभा राहतो याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्र मी कोणत्या विद्यालयात शिकलेलो नाही; जे काही वाचले ते रात्रपाळी सांभाळून, सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर. पण परक्या मुलखात जायचे, तिथल्याच माणसांना पुढारी म्हणून तयार करायचे आणि काम त्यांच्या हाती देऊन आपण बाजूला व्हायचे, हा उद्योग मिशनऱ्यांनी आम्हा संघटनावाल्यांच्या कितीतरी आधी आरंभला. त्यांना तो कितपत साधला हे पाहण्यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवीत नाही.

1813 साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशन 1831 मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोचले. त्या मिशनची सूत्रे बोस्टनहून हलत. तिथला चिटणीस रूफस अँडरसन हा मोठा विचारी गृहस्थ. त्याचे म्हणणे असे, की मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा. परदेशी माणूस हा तात्पुरता. 1854 साली तो स्वतः इकडे आला. त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

याच अँडरसनने इंग्रजी शाळांना विरोध केला. पाळकाचे शिक्षण मायबोलीत व्हावे, म्हणजे तो आपल्या लोकांपासून तुटत नाही, हा त्याचा हेतू. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. त्याचे फळही दिसले : नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचलले. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग आणि आख्यान येशूचे! बोस्टनच्या कोणत्या गुरूने हे शिकवले असते? पण मी स्वतः इंग्रजी अक्षरे वयाच्या पंचविशीत गिरवली आहेत, म्हणून एक शंका येते. मिशनचा बोस्टनशी पत्रव्यवहार इंग्रजीत. पैसा किती आला, कोणाला नेमायचे, कोणाला काढायचे, हे सारे त्या पत्रांत. ज्या भाषेत निर्णय होतात ती भाषाच शिकवायची नाही, तर माणूस प्रवचनात तरबेज होईल आणि कारभारात मुकाच राहील.

आमच्या एका अभ्यासवर्गात मी कामगार कायदा समजावून देत होतो. एक साचेवाला शेवटपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "भाऊ, हे सारं शिकल्यावर पासबुक कोनाजवळ राहीन?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न सगळ्या वर्गापेक्षा मोलाचा वाटला. 1926 च्या कायद्याने संघटनेचे निदान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष कामावरचे असावेत असे ठरवले होते. 2001 च्या दुरुस्तीने बाहेरच्यांची संख्या आणखी आवळली. कायद्यालाही हा रोग ठाऊक आहे म्हणायचा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तोच प्रश्न आपल्या परीने सोडवला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे मिशनच्या नोकरीत धर्मशिक्षण दिले, 'ज्ञानोदया'चे संपादन केले. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. पगार सोडणे हे कुटुंबवत्सल माणसाला काय असते, ते संपात तीन महिने काढलेल्या घरांना विचारा. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते वारले.

दुसरे उदाहरण आपल्या रेल्वेमार्गावरचे आहे. वर्ध्याहून बल्लारशा, काझीपेठ करीत विजयवाड्याकडे निघालो की डोर्नकल लागते. तिथे 1909 साली एक तमिळ माणूस, व्ही. एस. अझरिया, येऊन राहिला. त्याला गोऱ्या मिशनने पाठवले नव्हते. तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्त्यांनी 1903 मध्ये स्वतःची संस्था काढली होती, खर्च तिचा. तेलुगू मुलूख त्याला परदेशच. भाषा नव्याने शिकला आणि गावातल्या शिक्षकांना व उपदेशकांना तयार करू लागला. त्यांतले बहुतेक दलित शेतमजुरांच्या घरचे. 1910 साली एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्याने गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुमचा त्याग आम्ही जाणतो, पण बरोबरीची मैत्री अजून मिळाली नाही. काहींना ते झोंबले. 1912 मध्ये तो अँग्लिकन मंडळीचा पहिला भारतीय बिशप झाला.

आपल्या जिल्ह्यातही या विषयाची समोरासमोर चर्चा झाली आहे. अमेरिकन मिशन-नेते जॉन मॉट 1936 मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटले, आणि 1938 च्या डिसेंबरात तांबरमच्या परिषदेआधी पुन्हा भेटले. त्या दुसऱ्या भेटीत पैशाची गोष्ट निघाली. पैसा पुढे येतो आणि देव मागे राहतो, अशी गांधीजींची धास्ती होती. मला ती अर्धीच पटते. वर्गणीवाचून संघटना चालत नाही, मिशनही चालत नसेल. धास्ती बाळगायची ती चेकवर सही कोणाची याची. गांधीजींचा मुख्य आक्षेप धर्मांतरालाच होता, तो वाद वेगळा. आजचा माझा विषय तो नाही.

सत्ता हाती आली ती सावकाश. 1970 च्या नोव्हेंबरात, इथून पाऊणशे किलोमीटरवर नागपुरात, अनेक पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. नगरच्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्याही तीत आल्या. खिस्ती आणि मोडक यांच्या दीक्षेला तेव्हा 116 वर्षे झाली होती.