हातचा एक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 36 वर्षं गणित शिकवलं. बेरीज शिकवताना घसा कोरडा पडेपर्यंत मुलांना सांगायचो, हातचा विसरू नका. घरी मात्र मीच तो विसरलो. ती गोष्ट आज सांगतो, कारण खानदेशातल्या पुष्कळ घरांत ती अशीच घडते.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. वडिलांची, म्हणजे आप्पांची, 9 एकर कोरडवाहू जमीन. आम्ही तिघे भाऊ. आई गेल्यावर, 1993 साली, वाटणीचा विषय आम्हीच काढला. आप्पांच्या हयातीत झालं म्हणजे पुढे भांडण नको. शिवाय सोसायटीचं पीककर्ज ज्याच्या नावावर उतारा त्यालाच मिळतं. कारणं खोटी नव्हती. धुळ्याला दिलेल्या अक्कानं हक्कसोड केली. कागदाचा मसुदा मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. आप्पांनी चष्मा न लावताच सही केली. 9 भागिले 3, बाकी शून्य. गणित नि:शेष सुटलं म्हणून मला तेव्हा समाधानच वाटलं.

मग आप्पांची पाळी लागली. चार-चार महिने एकेका भावाकडे. कुणी त्यांना उपाशी ठेवलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. पण एका वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या रथाला जायला निघाले आणि दारात थांबून हळूच म्हणाले, "नाना, पन्नास रुपया शेतस का रे तुनाजोडे?" ज्या माणसानं जत्रेत नातवंडांना हात सैल सोडून गोडीशेव घेऊन दिली, तो माझ्याकडे पन्नास रुपये मागत होता. मी शंभराची नोट दिली. सावकाराकडून घ्यावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही. जत्राही बंद झाली.

2001 साली त्यांना लकवा मारला. उशाखालच्या डबीत रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या, पानाच्या अडकित्त्यानं निम्म्या केलेल्या. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवत होते. मागावं लागू नये म्हणून. तेव्हा पाळी माझ्याकडे नव्हती, पण एवढ्यानं मी सुटत नाही. कागद मी लिहिला होता आणि त्यात बापाचा वाटा मांडायचा राहिला होता.

आता कायद्याचं सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 साली संसदेनं केला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो, वकील लावावाच लागतो असं नाही. दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांना मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडे मागता येतो.

या कायद्याचं 23 वं कलम नीट लक्षात ठेवा. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि घेणाऱ्यानं ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र अट असली पाहिजे. कागदात अशी अटच नव्हती, म्हणून एका आईची मागणी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये मान्य केली नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईला मात्र घर परत मिळालं, कारण मुलानं सांभाळ करण्याचं वचन लिहून दिलेलं होतं. म्हणजे सगळा फरक त्या दोन ओळींचा.

आमची अक्का माझ्यापेक्षा हुशार निघाली. 2016 मध्ये भाच्याला कर्जासाठी धुळ्याचं घर नावावर हवं होतं. अक्का म्हणाली, देते, पण कागदात लिही की पुढची खोली मी असेपर्यंत माझी आणि माझं जेवणखाण, औषधपाणी तू बघशील. भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्यानंच मसुदा आणला. आज मायलेक एकाच ताटात जेवतात. कागदानं नातं तुटलं नाही.

नावावर करून देण्याची घाई नसेल तर मृत्युपत्र सगळ्यांत बरं. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं आणि मालमत्ता आपल्याच हातात राहते. वाटणी करायचीच असेल तर स्वतःचा हिस्सा आधी घ्या. बँकेचं पुस्तक स्वतःजवळ ठेवा. त्रास होत असेल तर 14567 या मोफत क्रमांकावर बोला, त्यात लाज कसली?

75 वर्षांवरच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे. 70 वर्षांवरच्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. चांगलंच झालं. पण दवाखान्यात भरती होण्याआधीची रोजची गोळी आणि जत्रेतली गोडीशेव आपल्याच खिशातून घ्यावी लागते. त्या खिशात हात घालताना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, एवढंच म्हाताऱ्या माणसाचं मागणं असतं.

आणि शेवटी माझ्यासारख्या, अक्षर चांगलं असलेल्या मुलांना सांगतो. कागद तुम्हीच लिहाल. आधी आई-बापाचा वाटा मांडा, मग भागाकार करा.