शेवटचे तीन महिने



गर्भारपण हा माजघरात बोलावयाचा विषय, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. म्हणून आज वर्तकनगरातील पुरुष श्रोतेही येथे दिसतात, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

आरंभ आपल्या शेजारच्या कल्याणपासून करू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. ज्या दुःखाला सारे घर नशीब म्हणून गप्प बसते, त्याची कारणे शोधावी असे एका मुलीला वाटले. आज आपणही तेच करावयाचे आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे वजन साधारण एक किलो असते. जन्मापर्यंत ते तिपटीच्या जवळ जाते. एवढ्या वाढीला जागा लागते. गर्भाशय वर सरकून श्वासपटलाला रेटते, म्हणून जिना चढताना धाप लागते. जठर दाबले जाते, म्हणून जळजळते. मूत्राशयावर भार येतो, म्हणून रात्री दहादा उठावे लागते. कंबर दुखते, संध्याकाळी घोटे सुजतात. उताणे निजल्यास पाठीच्या कण्यालगतची मोठी नीला दबते आणि घेरी येते. म्हणून कुशीवर निजावे. अधूनमधून पोट कडक होऊन सैल पडते, त्या बहुधा खोट्या कळा. खऱ्या कळा ठराविक अंतराने येतात, वाढत जातात आणि विश्रांतीने थांबत नाहीत.

मनाचेही तसेच. झोप तुटते, भलती स्वप्ने पडतात, क्षणात रडू येते, क्षणात कपाटे आवरण्याचा उत्साह चढतो. बाळंतपणाची भीती प्रत्येकीला वाटते. तिला ‘बायका काय बाळंत होत नाहीत?’ असे उत्तर देणे म्हणजे तिचे तोंड बंद करणे होय. भीती ऐकून घेतली की निम्मी होते. मात्र उदासपणा दोन आठवडे हटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तोही डॉक्टरांना सांगावयाचा आजार आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांत एक वाक्य सदैव तयार असते: ‘व्हायचंच असं!’ ते पुष्कळदा खरे असते. पण ज्या दिवशी ते खोटे ठरते, त्या दिवशी जिवावर बेतते. डोके सारखे ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, ही रक्तदाब वाढल्याची चिन्हे असू शकतात. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप येणे, आणि बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. ‘दिवस भरले की बाळ शांत होते’ हा निव्वळ गैरसमज आहे.

आणखी एक गोष्ट. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून पहिलटकरणीला माहेरी धाडण्याची आपली रीत गोड आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गर्भारपणात आठ तपासण्या सांगितल्या, त्यांतल्या पाच या शेवटच्या महिन्यांतल्या आहेत. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर बदलतात आणि कागद सासरच्या कपाटात राहतात! ओटीत नारळ घालावा, तसे पिशवीत रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब यांच्या नोंदी घालाव्या. माहेरी पोचल्याच्या आठवड्यात तेथील डॉक्टरांना त्या दाखवाव्या.

आपल्या या वसाहतीत गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती जाऊन उंच टॉवर उठत आहेत. पूर्वी भिंतीपलीकडची मावशी कण्हणे ऐकून धावत येई. बंद दारांमागे ते ऐकू येत नाही. म्हणून कोणत्या रुग्णालयात जावयाचे, रात्री गाडी कोण काढील, सोबत कोण राहील, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

आनंदीबाईंच्या वेळी विचारावयाला जवळ कोणी नव्हते. आपल्याजवळ विचारावयाची सोय आहे. लागते ती फक्त वेळेवर विचारण्याची बुद्धी.