भिंतीवरचा बोजा

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क देते. गवंड्याने मात्र काय अडवावे? त्याचे श्रम भिंतीत मुरलेले आणि भिंत मालकाच्या जमिनीवर उभी.

ही अडचण अमेरिकेत फार पूर्वी ओळखली गेली. १७९१ साली मेरीलँड राज्याने कायदा करून बांधकामाच्या थकबाकीचा बोजा इमारतीवरच चढवला. त्यामागे श्रमिकांचा कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारायची होती आणि हमीवाचून उधारीवर काम करणार कोण? कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या संविधानातच हा हक्क घातला. तेथे पोटकंत्राटदाराच्या मजुराचा मालकाशी करार नसला, तरी तो बोजा नोंदवू शकतो आणि दावा जिंकल्यास मालमत्ता विकायला लावू शकतो.

मेख आहे ती मुदतीत. काम पुरे झाल्यापासून ९० दिवसांत नोंद हवी. मालकाने काम संपल्याची रीतसर नोंद केली, तर मजुराला उरतात अवघे ३० दिवस. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा न गुदरल्यास बोजा निष्प्रभ. वकील बाळगणाऱ्या कंत्राटदाराला हे साधते; इंग्रजी न जाणणाऱ्या स्थलांतरित मजुराला या तारखा सांगणार कोण?

आपल्याकडे कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले. २०२० च्या संहितेनेही ते राखले. पण ही जबाबदारी मालकावर आहे, इमारतीवर नाही. सदनिका विकून तो मोकळा झाला, की मजुराने त्याचा पत्ता शोधत फिरायचे.